आधी कोण? मुक्त लयीतल्या एका जॅझ गाण्याचं प्रकरण

हे प्रकरण एका गायिकेचं आणि तिला पियानोवर साथ करणाऱ्या तरुण वादकाचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि गाण्याचं नाव दिलेलं नाही. तालमींच्या काळात मी बाहेरून ऐकणारी तिसरी व्यक्ती होते. आवाज आणि साथ यांचा मेळ शिकवणं हे माझं काम, त्यामुळे दोघांनी मला ‘नेमकं काय बिघडतंय ते सांगा’ म्हणून बोलावलं होतं. तांत्रिक बाजू जिथे लागेल तिथे सविस्तर मांडली आहे, कारण या प्रकरणात भावनेचा वाटणारा गुंता बराचसा तंत्राचा निघाला, आणि तंत्राचे वाटणारे एक-दोन प्रश्न संकोचाचे निघाले.

पार्श्वभूमी

गायिका पन्नाशी ओलांडलेली. पियानो, बास आणि ड्रम्स अशा त्रिकुटाबरोबर ती अनेक वर्षं गात आली आहे. ओळ मागे ठेवून गाणं ही तिची खासियत. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेला सुरांचा गुच्छ, आपल्या मात्रेवर पडते, शब्द किंचित उशिरा येतो आणि भाव त्या उशिरात साठतो. जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या १९३० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांत ही रीत अगदी स्वच्छ ऐकू येते, आणि आमच्या गायिकेने ती ऐकून ऐकून अंगी मुरवली आहे.

पियानोवादक तिशीच्या आतला. एकल वादनात तयार, हार्मनीची समज उत्तम, वाचन पक्कं. फक्त एका आवाजाला एकट्याने साथ करण्याचा अनुभव मात्र बेताचाच होता. तो तिला ताई म्हणतो, ‘तुम्ही’ म्हणतो. ती त्याला ‘तू’ म्हणते.

दोघांनी ठरवलेला कार्यक्रम आवाज आणि पियानो एवढ्यावरच उभा होता. जॅझमध्ये अशा जोड्यांचं काम मुबलक आहे. १९५० साली एला फिट्झजेराल्डने एलिस लार्किन्सच्या पियानोवर गायलेली गाणी, १९६१ मध्ये जीन ली आणि रॅन ब्लेक यांनी केलेलं ध्वनिमुद्रण, १९७५ मध्ये टोनी बेनेट आणि बिल एव्हान्स यांनी एकत्र केलेलं काम, हे सगळं दोघांनी मन लावून ऐकलं होतं. शर्ली हॉर्नही ऐकली होती, पण ती स्वतःच गायची आणि स्वतःच पियानो वाजवायची. तिथे गळा आणि हात एकाच श्वासावर चालतात, म्हणून आमच्या प्रश्नाला तिच्याकडून थेट उत्तर मिळणार नव्हतं.

कार्यक्रमातली बाकीची गाणी बांधलेल्या लयीत होती आणि ती लवकर बसली. अडलं एकच. सोळा बारांचा व्हर्स आणि त्यानंतर बत्तीस बारांचा, ए-ए-बी-ए घडणीचा कोरस असलेलं एक जुनं अमेरिकन गाणं. बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक गट. कोरस म्हणजे गाण्याचा मुख्य भाग; ए-ए-बी-ए म्हणजे त्याचे आठ-आठ बारांचे चार तुकडे, त्यांतला तिसरा वेगळ्या चालीचा. व्हर्स म्हणजे कोरसच्या आधीचा प्रास्ताविक भाग. अशी पुष्कळ गाणी रंगमंचावरच्या संगीतनाट्यांसाठी लिहिली गेली आणि बोलण्यातून गाण्यात शिरायला व्हर्सचा उपयोग होई. जॅझमध्ये बरेच जण तो गाळतात. गायिकेला मात्र तो हवाच होता, कारण कोरसमधलं दुःख कशामुळे आलं ते व्हर्समध्ये सांगितलं आहे. तिला तो बोलल्यासारखा, कुठल्याही ठेक्याशिवाय गायचा होता, आणि तिथून हळूच लयीत उतरायचं होतं.

अडचण

तालमींत व्हर्स दरवेळी संथ होत गेला. सोळा बार म्हणजे चौसष्ट मात्रा. मिनिटाला साठ मात्रांच्या चालीने गाइल्या तर एक मिनिटाहून जरा जास्त वेळ लागतो. फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये तोच भाग दोन मिनिटांच्या पुढे जात होता. नुसता वेळ वाढला असता तर हरकत नव्हती. मुक्त लयीत वेळ वाढतोच. पण अर्थाच्या दृष्टीने जिथे थांबायला हवं तिथे गाणं थांबत नव्हतं, आणि जिथे काही कारण नाही तिथे ताटकळत होतं. लांब ओळींच्या शेवटी गायिकेचा दम संपायचा आणि सूर किंचित उतरायचा. ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत पियानोवादक घाबरून वरच्या सप्तकात कॉर्डचे सूर उधळायचा, मग आपण कधी शिरायचं हे तिला कळेना. कोरसची लय पकडायला दोघांना दोन-तीन बार लागायचे, आणि त्या दोन-तीन बारांत व्हर्सने बांधलेला सगळा भाव विरून जायचा.

दोघं भांडत नव्हती. उलट फारच समजूतदारपणे वागत होती. तो म्हणायचा, ‘‘ताई, तुम्ही हवा तेवढा वेळ घ्या, मी आहे तुमच्या मागे.’’ ती म्हणायची, ‘‘अरे, तू वाजव ना, मी येते.’’ माझ्या मते सगळं दुखणं या दोन वाक्यांत होतं. दारात दोघांनी एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत उभं राहावं तसं चाललं होतं.

याचं कारण समजायला लयीतली मोकळीक दोन प्रकारची असते हे लक्षात घ्यावं लागतं. पहिल्या प्रकारात खालची साथ ठरल्या वेळेवर चालत राहते आणि वरची चाल मागे-पुढे होते. मोझार्टने १७७७ मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात याचा उल्लेख आहे: संथ रचनेत उजवा हात सैल सुटला तरी डावा हात ठाम राहतो, याचं लोकांना नवल वाटतं, असं तो लिहितो. त्रिकुटाबरोबरचं आमच्या गायिकेचं गाणं या जातीचं. दुसऱ्या प्रकारात चाल आणि साथ दोन्ही मिळून ताणतात, सैलावतात. खाली कोणीच काळ मोजत नसतो. व्हर्ससाठी तिला हा दुसरा प्रकार हवा होता.

अनेक वर्षांची कमाई नेमकी इथेच आडवी आली. तिचा गळा कॉर्ड पडण्याची वाट पाहतो आणि मग तिच्या जरासा मागून येतो. बास आणि ड्रम्स असताना कॉर्ड तिच्यासाठी थांबत नाही, म्हणून तो उशीर सुंदर वाटतो. आता मात्र पियानोवादक तिच्या शब्दाची वाट पाहून मग कॉर्ड टाकत होता. ती कॉर्डसाठी थांबलेली, तो शब्दासाठी थांबलेला. प्रत्येक ओळीला थोडी थोडी भर पडत गेली आणि गाणं जागच्या जागी बसलं. कौशल्यात कोणीच कमी नव्हतं. ‘मी तुमच्या मागे आहे’ हा विनम्र करार मात्र अशा जागी चालत नाही.

कोणते पर्याय समोर होते

सगळ्यात सोपा पर्याय होता व्हर्ससुद्धा ठरलेल्या संथ लयीत गाण्याचा. सुरक्षित, आणि गायिकेच्या हातखंड्याचा. तो एकदा करून पाहिला. ड्रम्स नसताना इतक्या संथ लयीत काळ दाखवायचा तर पियानोला जवळपास प्रत्येक मात्रा वाजवावी लागते, आणि मग बोलण्याच्या वळणाच्या शब्दांखाली कोणीतरी मोजणी करत असल्यासारखं ऐकू येतं. तो बाजूला ठेवला.

बासवादकाला बोलवावं असं गायिकेचं मत होतं. ‘‘खाली काहीतरी पक्कं असलं की मी मोकळी होते,’’ असं ती म्हणाली. लयबद्ध गाण्यात ते खरं आहे. मुक्त लयीत मात्र दोघांऐवजी तिघांना एका क्षणी एकत्र पडावं लागतं, आणि बासचा खालचा सूर एकदा उमटला की कॉर्ड बदलली हे जाहीर होतं, मागे फिरता येत नाही. प्रश्न सुटण्याऐवजी वाढला असता.

पियानोवादकाला सगळं लिहून काढायचं होतं: कुठे थांबायचं, किती थांबायचं, श्वास कुठे, कॉर्ड कुठल्या अक्षरावर. या सूचनेचा आम्ही गंभीरपणे विचार केला, कारण तिच्यात कष्टाची तयारी होती आणि काही अंशी ती पुढे उपयोगीही पडली. पण लिहिलेली मोकळीक दर वेळी तशीच येते. शिवाय गायिका कागदावरच्या खुणांवरून गात नाही, शब्दांवरून गाते. कागद तिच्यासाठी असता तर तिने तो पाळला असता आणि गाणं गेलं असतं.

चौथा पर्याय मला आजही आकर्षक वाटतो: व्हर्स पूर्णपणे साथीविना. पियानोने सुरुवातीला एक सूर द्यायचा, तिने एकटीने गायचं आणि शेवटच्या ओळीला पियानोने आत यायचं. अडचण अशी की या व्हर्सच्या मध्यावर सूर मूळ पट्टीपासून दूर जातो. खालच्या कॉर्डशिवाय ते वळण ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि शेवटी पियानो आत येताना गळा पाव स्वराने जरी सरकलेला असला तरी ते उघडं पडतं. गायिका त्या धास्तीने गायली असती.

अखेर निवडला तो मधला मार्ग. काही ठरावीक जागा पक्क्या करायच्या, जिथे शब्द आणि कॉर्ड एकत्र आलेच पाहिजेत. त्या जागांच्या मध्ये कोणी कोणाला सांभाळायचं नाही.

पहिला निर्णय: एकत्र येण्याच्या जागा

जागा कागदावरून ठरवायच्या नाहीत असं ठरलं. गायिकेने व्हर्स नुसता वाचला, चाल न लावता, कोणाला तरी सांगत असल्यासारखा. पियानोवादकाने हात मांडीवर ठेवून ऐकायचं आणि तिचा आवाज जिथे वजन टाकतो तिथे पेन्सिलने खूण करायची. असं अनेकदा केलं. वाचन दर वेळी वेगळं झालं, वेग वेगळा, थांबे वेगळे. पण खुणा बहुतेक त्याच शब्दांवर येत राहिल्या. सोळा बारांत अशा पाच जागा मिळाल्या. लिखित बारांच्या सुरुवातीशी त्यांतल्या दोन जुळतच नव्हत्या, आणि पियानोवादक नेमका तिथेच रोज चुकत होता. तो पानावरच्या बाररेषेला कॉर्ड टाकत होता, तिच्या अर्थाला नाही.

त्यानंतर अदलाबदल केली. पियानोवादकाने व्हर्सचे शब्द म्हणायचे आणि गायिकेने एका बोटाने पियानोवर फक्त खालचे सूर द्यायचे. तिला पियानो जेमतेम येतो, तेवढा पुरे होता. दुसऱ्याच ओळीला ती थांबली आणि म्हणाली, ‘‘तू कधी सुरू करणार हे मला कळतच नाहीये.’’ तो फक्त हसला. मग जरा वेळाने म्हणाला, ‘‘ताई, मलाही रोज असंच होतं.’’ इतक्या तालमींत त्याने हे पहिल्यांदाच उघड बोलून दाखवलं. त्याआधी तो दर वेळी ‘माझं चुकलं’ एवढंच म्हणत आला होता. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचं वळण इथे आहे. वयाचा आणि अनुभवाचा मान राखताना त्याने तिला आवश्यक माहितीच दिली नव्हती, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

दुसरा निर्णय: श्वास कोणाचा, जागा कोणाची

यानंतरचा नियम साधा होता. ओळ गायिकेची. तिने कॉर्डची वाट पाहायची नाही. श्वास घेऊन सरळ शब्द टाकायचा, कॉर्ड खाली येईल. श्वास ज्या वेगाने आत घेतला त्याच वेगाने पुढची ओळ निघाली पाहिजे. चपळ श्वास घेऊन रेंगाळत गायलं तर साथीदार फसतो, म्हणून हे पथ्य तिने काटेकोर पाळायचं. ओळ संपली की मधली रिकामी जागा मात्र पियानोवादकाची. तिथे त्याने तिच्याकडे परवानगीच्या नजरेने पाहायचं नाही. काय वाजवायचं ते वाजवायचं, पुढे नेणाऱ्या कॉर्डवर यायचं आणि हात स्थिर ठेवायचा. हात थांबला म्हणजे दार उघडं.

हे ठरलं, पण हाताला बसायला वेळ लागला, कारण त्यात पियानोचीच एक मर्यादा आहे. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरत जातो. गळ्याला एक स्वर फुलवता येतो, पियानोला नाही. म्हणून गायिकेने शब्द लांबवला की पियानोवादकाला खालची कॉर्ड संपत चालल्याची भीती वाटायची आणि तो तीच कॉर्ड पुन्हा वाजवायचा. पुन्हा वाजवलेली कॉर्ड म्हणजे नवी मात्रा. गायिकेला वाटायचं, हा मला पुढे ढकलतोय. यावर सापडलेला उपाय असा: कॉर्ड पुन्हा वाजवायची नाही, तिच्या पोटातला एकच सूर हलवायचा. पुढे नेणाऱ्या कॉर्डमध्ये आधी मूळ स्वरापासून चौथा स्वर धरून ठेवायचा आणि गायिका शब्द सोडायच्या बेतात असताना तो तिसऱ्यावर उतरवायचा. कान तो उतार ‘आता’ असाच ऐकतो. काही न बोलता दोघांना खूण मिळाली.

आणखी दोन बारीक गोष्टींनी अपेक्षेपेक्षा जास्त फरक पडला. पहिली व्यंजनांची. शब्दाच्या सुरुवातीला स, श किंवा जोडाक्षर असलं की त्याचा आवाज आधी येतो आणि सूर जरा मागून, स्वरावर उमटतो. कॉर्ड त्या सूराबरोबर पडायला हवी. पियानोवादक पहिल्या फुत्काराबरोबरच हात टाकत होता, म्हणून तो सतत थोडा आधी वाटायचा आणि तिचा शब्द कॉर्डखाली बुडायचा. दुसरी गोष्ट, उजव्या हाताच्या सगळ्यात वरच्या बोटाने तो गाण्याची चालच वाजवत होता. हेतू तिला आधार देण्याचा. पण पियानोवर चाल वाजली की गायिकेने घेतलेली प्रत्येक सवलत चूक ठरते. ती उशिरा आली हे सगळ्यांना ऐकू येतं. चालीचा सूर काढून टाकला. डाव्या हातात मूळ स्वर, त्याच्यावर सातवा आणि तिसरा, तेवढंच. तिच्या आवाजाचा मधला टप्पा मोकळा सोडला. एलिस लार्किन्सची साथ पुन्हा ऐकली तेव्हा पियानोवादकाचं लक्ष या वेळी लार्किन्सने काय गाळलंय याकडे गेलं.

पट्टी ई फ्लॅटवरून डी फ्लॅटवर, एक पूर्ण स्वर खाली आणली. त्याने दमाचा प्रश्न बराच सुटला आणि त्यावर फार चर्चा झाली नाही.

गायिकेने स्वतःहून एक काम केलं. व्हर्स मेट्रोनोमवर, म्हणजे एकसारखी टिकटिक देणाऱ्या यंत्रावर, लिहिलाय तसा, एकही सूर न हलवता पाठ केला. तिला वाटत होतं की चाल आपल्याला येतेच. प्रत्यक्षात दोन ठिकाणी आखूड आणि लांब स्वरांची अदलाबदल इतकी सवयीची झाली होती की मूळ काय ते ती विसरली होती. मूळ पक्कं झाल्यावर तिची मोकळीकही बदलली. कुठे ताणायचं हे ती आता निवडत होती.

तिसरा निर्णय: लयीत शिरणं

व्हर्स संपून कोरस सुरू होण्याची जागा सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेली. मुक्त भागातून लयीत शिरताना ती लय कोण ठरवणार? कोरसच्या पहिल्या मात्रेआधी तीन छोटे सूर आहेत. गायिकेचं म्हणणं, तिने ते तीन सूर लयीत गायचे आणि पियानोने पहिल्या मात्रेवर तिला मिळायचं. ऐकायला हे सुरेख आहे. पण इतका वेळ मोकळं गाऊन झाल्यावर तिची लय रोज वेगळी निघायची, बहुतेक वेळा फार संथ, आणि तीन सुरांवरून ती ओळखणं पियानोवादकाला अवघड जायचं.

उलटा मार्ग म्हणजे पियानोने दोन बार लयीत वाजवून द्यायचे आणि मग तिने शिरायचं. त्याने लय पक्की झाली, पण व्हर्सचा शेवटचा शब्द आणि कोरसचा पहिला शब्द यांच्यात भिंत उभी राहिली. ‘‘मी एक गोष्ट सांगत होते, मध्येच कोणी पडदा पाडला,’’ असं ती म्हणाली, आणि तिचं खरं होतं.

तोडगा दोघांच्या मधून निघाला. व्हर्सचा शेवटचा शब्द ती लांब धरते. त्या धरलेल्या शब्दाखालीच पियानोवादकाचा डावा हात दर दोन मात्रांना एक सूर देऊ लागतो. लय सुरू झालेली असते, पण गायिका अजून मोकळीच असते. तिला वाटेल तेव्हा शब्द सोडते आणि ते तीन सूर चालू लयीत गाते. म्हणजे मुक्त भाग संपण्याआधीच बांधलेला भाग सुरू झाला. लय ठरवण्याचा अधिकार पियानोवादकाला, शिरण्याचा अधिकार गायिकेला. मिनिटाला साधारण सहासष्ट मात्रा ही चाल त्याने अंगात बसवून घ्यायची असं ठरलं. तिला आधी हे रुचलं नव्हतं. आयुष्यभर लय तिने ठरवली होती. पण पहिल्यांदा नीट जमलं तेव्हा पुढचा सगळा कोरस तिने न थांबता गायला आणि त्याबद्दल पुन्हा वाद निघाला नाही.

उभं कुठे राहायचं

पियानोवादकाला गायिकेचा श्वास दिसला पाहिजे. ग्रँड पियानोच्या वळणाशी उभी राहून ती श्रोत्यांकडे तोंड करते तेव्हा त्याला तिची उजवी बाजू दिसते. आधी ती माइकच्या ओढीने बरीच पुढे उभी राहायची आणि त्याच्या नजरेला फक्त पाठ यायची. माइक एक पाऊल मागे घेतला. त्याने व्हर्स पाठ केला आणि पियानोवरची नोट्स ठेवायची फळी खाली पाडली, म्हणजे मध्ये काही येणार नाही. तो सांगायचा की चेहऱ्यापेक्षा खांदा आणि बरगड्या जास्त कळतात.

कार्यक्रमाच्या दिवशी

जिथे कार्यक्रम होता तिथे ग्रँड पियानो नव्हता. भिंतीला टेकवलेला उभा पियानो होता, आणि तो तसाच वाजवला असता तर वादकाची पाठ गायिकेकडे आली असती. हाताशी वेळ थोडा होता. आरशाची सूचना आली. मुक्त लयीत आरशातून श्वास पाहणं मला पटलं नाही आणि पियानोवादकालाही नाही. शेवटी पियानो भिंतीपासून ओढून श्रोत्यांशी काटकोनात लावला. आता त्याला तिचा खांदा दिसत होता. पण वाद्याचा सूर तालमीतल्या पियानोपेक्षा लवकर विरत होता. दोघांनी व्हर्स एकदा वाजवून पाहिला आणि लांब थांबे कमी करायचे ठरवले. हा निर्णय गायिकेने घेतला. तिने आधी पियानोचा एक सूर वाजवायला सांगितला, तो विरेपर्यंत ऐकला, मग म्हणाली, ‘‘एवढाच वेळ आहे माझ्याकडे.’’

व्हर्स चांगला झाला. मध्यावर ती एक अख्खी अर्धओळ विसरली आणि तिसऱ्या जागेवरून थेट चौथीकडे निघाली. पियानोवादकाने तिचा वजनाचा शब्द येताना ओळखला, मधल्या दोन कॉर्ड सोडून दिल्या आणि त्या शब्दाखाली योग्य कॉर्डवर हजर राहिला. श्रोत्यांना काही कळलं नाही. सगळं लिहून काढलं असतं तर तो इथे हरवला असता, कारण कागदावर पुढचं पाऊल मागच्या पावलावर अवलंबून असतं. जागा पाच असल्या की एक रस्ता चुकला तरी पुढची जागा तिथेच असते.

लयीत शिरणं अर्धवट जमलं. पियानोवादकाने ठरल्यापेक्षा लय जलद दिली, ताणामुळे असणार. गायिकेने ती बदलायचा प्रयत्न केला नाही. तिने आपली जुनी विद्या काढली आणि पहिली आठ बारं चांगली मागे ठेवून गायली. खाली लय ठाम असल्याने तो उशीर आता पुन्हा सुंदर वाटत होता. दुसऱ्या आठ बारांत त्याच्या हाताचा ताण गेला.

शेवट मात्र फसला. शेवटची ओळ पुन्हा मुक्त लयीत, टॅग म्हणून, म्हणजे गाणं संपवणारी पुनरावृत्ती म्हणून, तीनदा यायची होती. तिसऱ्या वेळी गायिकेने शेवटून दुसरा शब्द धरला, आणि पियानोवादकाने ती पुढच्या शब्दावर गेली असं समजून अंतिम कॉर्ड टाकली. तिचा शेवटचा शब्द संपलेल्या गाण्यावर आला.

काय वेगळं करता आलं असतं

शेवटच्या ओळीसाठी एकत्र येण्याच्या जागा ठरवल्याच गेल्या नव्हत्या. व्हर्सवर एवढं काम झालं होतं की त्याच पद्धतीने शेवटही आपोआप जमेल असं गृहीत धरलं गेलं. मुक्त लयीचं कौशल्य गाण्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात असं चालत जात नाही. तिथे शब्द वेगळे, दमाची स्थिती वेगळी, आणि अंतिम कॉर्ड टाकण्याची वादकाची घाईही वेगळी. तालमीचा निदान चौथा हिस्सा शेवटासाठी राखायला हवा होता.

वाद्य आधी पाहून येणं शक्य होतं. नाहीच जमलं तर तालमींत एखादी तरी लवकर विरणाऱ्या पियानोवर करायला हवी होती, कारण थांबा किती लांब हे शेवटी वाद्यच ठरवतं.

अदलाबदलीचा प्रयोग अगदी पहिल्या तालमीत झाला असता तर बराच वेळ वाचला असता. वयाने लहान वादक ज्येष्ठ गायिकेला ‘तुमचं कळत नाही’ असं आपणहून म्हणत नाही. त्याला ते म्हणायला लावणारी एखादी कृती लागते. ‘मोकळेपणाने सांग’ असं नुसतं म्हणून भागत नाही.

साथीविना व्हर्सचा पर्याय कदाचित लवकर सोडला गेला. पट्टी एक स्वर खाली आल्यावर त्याची अडचण कमी झाली होती, पण तोपर्यंत पाच जागांचं काम इतकं पुढे गेलं होतं की कोणी मागे वळून पाहिलं नाही. निदान पहिल्या दोन ओळी एकट्या आवाजात घेऊन पाहायला हव्या होत्या.

सध्याची स्थिती

दोघं हे गाणं अजून गातात. व्हर्सच्या पाच जागांपैकी एक त्यांनी स्वतःच काढून टाकली, तिची गरज उरली नव्हती म्हणून. त्रिकुटाबरोबर गातानाही गायिका आता संथ गाण्यांचा आरंभ मोकळा घेते, आणि त्या वेळी बास आणि ड्रम्सना कोरसपर्यंत गप्प राहायला सांगते.

टॅगबद्दल मात्र मतभेद आहेत. पियानोवादकाला वाटतं, तिसऱ्या वेळी त्याने काहीच वाजवू नये. तिने शेवटचा शब्द एकटीने गावा आणि मग त्याने अंतिम कॉर्ड टाकावी. गायिकेला ते नको आहे. तिला शेवटचा शब्द आणि कॉर्ड एकाच क्षणी हवे आहेत, आणि त्यासाठी त्या शब्दाआधी स्पष्ट श्वास घ्यायची तिची तयारी आहे, ओळ तुटली तरी. पुढच्या तालमीत दोन्ही करून पाहायचं ठरलं आहे. माझा कल त्याच्या बाजूने आहे, कारण तो श्वास ज्या शब्दाआधी येतो तिथे वाक्याचा अर्थ मधोमध कापला जातो.